ब्रुकमोझरचं मीठ

अरुणा देवस्थळींच्या बहरीनमधल्या, अदलियातल्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी सकाळी नऊला जर्मनचा क्लास भरायचा. विद्यार्थिनी एकच, इशरत. मनामातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ती नर्स होती आणि तिला ऑस्ट्रियात नोकरी मिळत होती. अट एकच: जर्मन भाषेची वरच्या पातळीची परीक्षा. ती तिने दोनदा दिली, आणि लेखी भागात दोन्ही वेळा चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकासमोर बसली, की तिची दातखीळ बसायची.

"मला सगळं येतं, मॅडम," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "फक्त बोलता येत नाही."

तिचा नवरा सिराज तिला हमद टाउनहून पिकअपमधून आणून सोडायचा. सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये तो सुतार होता. दारं, कपाटं, प्रदर्शनांचे स्टॉल असली कामं करायचा. जुम्म्याच्या नमाजाला जायच्या आधी परत हमद टाउनला जाण्यात अर्थ नसे, म्हणून तो तिथेच सोफ्याच्या कडेवर अवघडून बसायचा. दोन-तीन शुक्रवार गेले आणि त्याला तसं बसवेना. त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाची लोंबकळणारी दारं काढून बसवून दिली. मग बाल्कनीचा दरवाजा झाला. अरुणाचे यजमान दत्तप्रसाद ऑफिसात हिशेबतपासनीस होते आणि घरात खिळा ठोकायचा म्हटला तरी त्यांच्या हाताला कापरं भरे. ते सिराजच्या मागे मागे स्टूल धरून फिरत आणि चहा करून आणत.

अरुणाच्या टेबलावर एक निळी फाइल कायम पडलेली असे. तिच्यात तिच्या आयुष्यातली पंचवीस वर्षं होती, असं म्हटलं तरी चालेल. पुण्यात जर्मनचं एम.ए. करताना तिच्या शेवंतीबाई नावाच्या प्राध्यापिकेने एका विस्मृतीत गेलेल्या ऑस्ट्रियन नाटककाराचं नाव तिच्या कानावर घातलं होतं. अलोइस ब्रुकमोझर. एकोणिसाव्या शतकातला माणूस. आठ नाटकं, दोन कादंबऱ्या, आणि आता त्याच्याच देशात त्याला कुणी ओळखत नव्हतं. अरुणाने त्याच्यावर पीएच.डी. करायची ठरवली, आणि लग्न झालं, आणि बहरीन आलं, आणि मुलगी झाली. शेवंतीबाई गेल्या. पीएच.डी. राहिलीच. पण ब्रुकमोझर सुटला नाही. त्याचं 'मिठाचा वाटा' हे नाटक तिने मराठीत आणलं, पुन्हा आणलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्याचं चरित्र लिहायला घ्यायचं आणि चौथ्या पानावर सोडून द्यायचं, असं तर कितीदा झालं. मुलगी कश्मिरा लहान असताना विचारायची, "मम्मा, हू इज धिस अंकल?" तेव्हा उत्तर देणं सोपं होतं. आता ती कॅनडात शिकत होती आणि विचारतच नव्हती.

इशरतची जीभ सैल व्हावी म्हणून अरुणाने एका शुक्रवारी ते नाटक काढलं. आधी मराठी वाचायचं, मग जर्मन. म्हणजे काय बोलतोय ते पोटातून कळेल. नाटकाची गोष्ट अगदी साधी होती. मिठाच्या खाणीतल्या कामगारांना मजुरीबरोबर दर महिन्याला मिठाचा वाटा मिळे. एक कामगार खाणीत दबून मरतो. त्याची विधवा नेहमीप्रमाणे आपला वाटा घ्यायला कचेरीत जाते, आणि कारकून तिला सांगतो, की नाव कटलं.

इशरत वाचू लागली. "हे दयाळू साहेब, माझ्या पतीने या खाणीसाठी आपले प्राण वेचले. त्यांच्या वाट्याचे मीठ मजला मिळावे, एवढीच माझी नम्र प्रार्थना आहे."

बाल्कनीच्या दारापाशी बिजागरीला तेल घालत असलेला सिराज फिसकन हसला.

इशरतने डोळे वटारले. सिराज एकदम गंभीर झाला. "माफ करा मॅडम. तोंडातून निघून गेलं."

"नाही, सांगा ना," अरुणा म्हणाली. तिला थोडं लागलं होतं. त्या वाक्यावर तिने एक अख्खा रमजान घालवला होता. "काय चुकलं?"

"चुकलं नाय. पण ही बाई मीठ मागते, की शाळेत प्रार्थना म्हणते?" मग तो शुद्ध बोलायचं विसरलाच. "असां कोन बोलतां, मॅडम? नवरा मेलाय तिचा. घरात पोरां हायत. ती 'मजला' बोलंल?"

इशरतला वाटलं, आता क्लास संपला. आणि अरुणा हसायला लागली. इतकी हसली, की दत्तप्रसाद आतून बघायला आले.

"सिराजभाई, बसा इथे," ती डोळे पुसत म्हणाली. "तेल नंतर घाला. तुम्हाला या माणसाची गोष्ट सांगते."

आणि तिने सांगितली. ब्रुकमोझर मिठाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात १८३१ साली जन्मला. बाप खाणीतच गेला, तेव्हा पोरगा सहा वर्षांचा. आई लोकांची धुणी धुवायची. सोळाव्या वर्षी तो पायी व्हिएन्नाला आला आणि एका नाटकघरात प्रॉम्प्टर म्हणून लागला. रंगमंचाच्या पुढच्या टोकाला एक खड्डा असे, त्यात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुटपुटून द्यायची. अकरा वर्षं तो त्या खड्ड्यात बसला. तिथे बसून बसून त्याला वाटलं, आपणही लिहू शकतो. तीन नाटकं लिहिली. सगळी राजेरजवाड्यांची, छंदबद्ध, भरजरी भाषेतली. तिन्ही पडली. तिसऱ्याच्या वेळी लोकांनी दुसऱ्याच अंकात शिट्ट्या मारून पडदा पाडायला लावला.

"मग?" सिराजने विचारलं.

"मग तो टायफसने आजारी पडला. घरमालकिणीने, रेझी तिचं नाव, त्याला सहा आठवडे आपल्या स्वयंपाकघरात झोपवून पेज पाजली. तीही खाणीच्या मुलखातलीच, अक्षरशत्रू. बरा होता होता त्याने आपलं नवं नाटक तिला वाचून दाखवलं. रेझी कांदे चिरत ऐकत होती. ऐकून म्हणाली, इतकं गोड बोलून कुणी मीठ मागतं का रे?"

सिराज जागचा हललाच. "खरंच असां बोलली?"

"खरंच. त्याने ते सगळं चुलीत घातलं आणि रेझी बोलायची त्या भाषेत पुन्हा लिहिलं. आणि मी," अरुणाने फाइल पुढे ओढली, "पंचवीस वर्षं बसून ते परत गोड करून ठेवलं."

मूळ जर्मन पान तिने काढलं. विधवेच्या तोंडी तिथे दोनच शब्द होते. मीठ. नेहमीचं. बाकी सगळी नम्र प्रार्थना अरुणाची स्वतःची होती. बाई कचेरीत आली आहे, म्हणजे चार वाक्यं तरी बोलेल, असं तिला वाटलं होतं.

"तुमच्या घरी हे कसं म्हणतील?" तिने विचारलं.

सिराज मान खाली घालून बसला. रायगडातल्या खाडीकाठच्या गावातून तो तालुक्याच्या शाळेत जायचा तेव्हा 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं होतं, आणि वर्ग हसला होता. तेव्हापासून चार माणसांत तो तोलूनमापून बोलायचा. घरची बोली घरात आणि फोनवर आईशी. ती कुणी लिहायला मागेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"मना नाय जमनार," तो म्हणाला. "पण आयेला विचारतो. तिनं मिठागरावर काम केलेलां हाय."

सिराजची आई आतिकाबी गावाहून व्हिडिओ कॉलवर आल्या तेव्हा मागे कोंबड्या ओरडत होत्या. सिराजने त्यांना सगळी गोष्ट समजावून सांगितली. नवरा लाँचवर गेला तो परत आला नाही, तेव्हा आतिकाबी तिशीच्या होत्या, हे अरुणाला त्या दिवशीच कळलं. तिला वाटलं, आपण हे विचारायला नको होतं. पण आतिकाबींनी प्रश्न नीट ऐकून घेतला, एखादं काम समजून घ्यावं तसा.

"तिला सांग, मागू नुको," त्या म्हणाल्या. "सूप फुडं करायचां. 'मीठ' बोलायचां. 'नेमीचां' बोलायचां. नि उभी ऱ्हायाचां. तो नाय बोलला तरी उभी ऱ्हायाचां. हलायचां नाय."

अरुणाने ते लिहून घेतलं. मूळ नाटकात कारकुनाच्या नकारानंतर कंसात एक सूचना होती: ती उभी राहते. अरुणाने आपल्या भाषांतरात तिथे लिहिलं होतं, 'ती आर्तपणे पाहते.'

त्या दिवसापासून शुक्रवारचं रूप पालटलं. गाव तेच ठेवलं, डोंगर तेच, खाणही तीच. फक्त माणसांच्या तोंडची बोली खाडीकाठची झाली. अरुणा जर्मन वाचून अर्थ सांगायची, सिराज तो घोळवून बोलायचा, अडलं तर गावी फोन लागायचा. इशरत आधी मराठी बोलायची आणि लगेच जर्मन. घरच्या बोलीत एकदा वाक्य तोंडातून सुटलं, की त्याच्या पाठोपाठ जर्मनही सुटतं, हे तिच्या तिलाच नवल वाटे. दत्तप्रसाद कारकून व्हायचे. नाव कटलं, असं ते इतक्या थंडपणे म्हणायचे, की एकदा सिराजने त्यांना विचारलं, "ऑफिसात पन असाच बोलता काय?"

"ऑफिसात ई-मेल करतो," दत्तप्रसाद म्हणाले.

अकरा वाजता काम थांबायचं. सिराज नमाजाला जायचा, आणि अरुणा सगळ्यांसाठी वरणभात टाकायची. एका शुक्रवारी इशरतने घरून सुक्या जवळ्याची चटणी आणली. दत्तप्रसादांनी ती आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ली आणि पुढच्या शुक्रवारी तिची आठवण करून दिली.

नाटक पुरं झालं तेव्हा ते करून दाखवावं असं आधी कुणाच्याच मनात नव्हतं. कल्पना दत्तप्रसादांची. मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. कार्यक्रमाचं काम बघणारी श्रेया एका बँकेत होती, कामाची आणि सरळ मुलगी. तिने दोन पानं वाचली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "काकू, छान आहे. पण ही भाषा लोकांना कळेल का? लोक हसायला येतात. दीडशे वर्षांपूर्वीचा ऑस्ट्रियन, त्यात ही बोली..."

अरुणाने वाद घातला नाही. "तू एका शुक्रवारी तालमीला ये. मग ठरव."

श्रेया आली. इशरतने हातातलं सूप पुढे केलं, दोन शब्द बोलली आणि उभी राहिली. दत्तप्रसाद म्हणाले, नाव कटलं. इशरत उभीच. पंधरा सेकंद, वीस सेकंद. श्रेयाने हातातला फोन बाजूला ठेवला. जाताना दारात ती म्हणाली, "चाळीस मिनिटं देऊ शकेन. पुरतील?"

अडचण वेगळीच आली. म्हाताऱ्या खाणकामगाराचं काम करणारा सिराज मागे हटला.

"स्टेज मी बांधून देतो," तो म्हणाला. "पन मी उभा ऱ्हानार नाय. ते सगले पुन्या-मुंबईचे सायब लोक. हसतील."

इशरतने समजावलं, उपयोग झाला नाही. शेवटी अरुणा एका संध्याकाळी दत्तप्रसादांना घेऊन सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये गेली. भुशाच्या वासात, कापलेल्या प्लायच्या थप्प्यांमध्ये सिराजने त्यांच्यासाठी दोन खुर्च्या पुसल्या.

"सिराजभाई, मी तुम्हाला आग्रह करायला नाही आले," ती म्हणाली. "आभार मानायला आले. आता माझी दोन वर्षांत बहरीन सोडायची वेळ येईल. तुम्ही हसला नसतात, तर ती फाइल मी तशीच पुण्याला नेली असती आणि माळ्यावर टाकली असती. मला वाटायचं, मी तुमच्या बायकोला शिकवते आहे. तुम्ही मला शिकवलंत. तुम्ही स्टेजवर या, न या. हे मला सांगायचं होतं."

सिराजने तिच्याकडे पाहिलं नाही. तो बराच वेळ हातातल्या पट्टीवर पेन्सिलीने नुसत्याच रेघा मारत राहिला.

"त्या ब्रुकमोझरला भीती नाय वाटली?" शेवटी त्याने विचारलं. "तीनदा पडल्यावर?"

"वाटली. पहिल्या प्रयोगाला तो पुढे आलाच नाही. आपल्या जुन्या खड्ड्यात जाऊन बसला. आधी त्याला कळेना, लोक हसताहेत ते कशाला. मग त्याच्या लक्षात आलं, ते बरोबर जागी हसताहेत."

सिराज हसला. "यल्ला, चला," तो म्हणाला. "बघू."

प्रयोग शुक्रवारी दुपारी चारला होता, एका क्लबच्या हॉलमध्ये. इशरतची त्या दिवशी ड्यूटी लागली होती; तिच्या केरळी मैत्रिणीने न मागता शिफ्ट बदलून दिली. वर्कशॉपमधले चौघे जण सकाळीच येऊन मंच उभारून गेले होते, आणि आता शेवटच्या रांगेत इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर फोन टेकवून ठेवला होता. त्यात आतिकाबी होत्या.

पहिली पाच मिनिटं लोक चाचपडले. मग सिराज, म्हातारा खाणकामगार, आपल्या बायकोला ओरडला, की मिठाशिवाय कालवण म्हणजे नवऱ्याशिवाय सासर, कुणाला नुको. तेव्हा डावीकडून हशा उठला. तिकडे मीना सलमान बंदरावरच्या गोदामांतली, दुकानांतली कोकणी मंडळी बसली होती. पाठोपाठ उजवीकडची पुणेरी बाजूही हसली. सिराज थबकला. अरुणा विंगेत श्वास रोखून उभी होती. त्याने क्षणभर हॉलकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य दुप्पट आवाजात टाकलं.

मग इशरत आली. सूप पुढे केलं. "मीठ," ती म्हणाली. "नेमीचां."

दत्तप्रसादांनी वही मिटली. इशरत उभीच राहिली. आणि मग नाटकात लिहिल्याप्रमाणे एकेक शेजारीण, सगळ्या मंडळातल्याच बायका, येऊन आपल्या वाट्यातली मूठ तिच्या सुपात टाकू लागली, कुणी काही न बोलता. शेवटी सिराज आला. त्याने आपली मूठ टाकली आणि म्हणाला, "त्याच्या हातचां मीठ मी खाल्लाय. माजा हात चालतोय तवर तुजा सूप रिकामा जानार नाय."

पडदा पडल्यावर श्रेया आत धावत आली आणि अरुणाला मिठी मारून बाहेर गेली. लोक भेटायला आले. गर्दी ओसरल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. वकार नाव, चाळीस वर्षं मीना सलमानच्या एका गोदामात कारकुनी करत होते.

"बाई," ते म्हणाले, "चालीस वर्सां मी बारीनला हाय. इथं इंग्लिश बोललो, अरबी बोललो, हिंदी बोललो. माज्या घरचां बोलनां स्टेजवर आज पयल्यांदा ऐकलां. अल्ला तुमाला सुखात ठेवो." मग त्यांनी खाली आवाजात विचारलं, "लिवनारा कुठला? म्हसल्याचा का श्रीवर्धनचा?"

अरुणाने त्यांना सांगितलं. त्यांचा काही विश्वास बसला नाही.

पहिल्या रांगेत सिराज फोन हातात घेऊन उकिडवा बसला होता. आतिकाबी म्हणत होत्या, "सूप जरा वर धरायला पायजे होता. बाकी बरां झालां." आणि सिराज डोळे पुसत, हसत म्हणत होता, "बरां, आये. बरां. पुढच्या टायमाला."

दीड महिन्याने इशरतची तोंडी परीक्षा झाली. कोणत्याही एका ऑस्ट्रियन व्यक्तीबद्दल दहा मिनिटं बोला, असा विषय आला. इशरत बाहेर येऊन थेट अरुणाच्या घरी आली आणि दारातच बोलायला लागली.

"मॅडम, मी ब्रुकमोझर सांगितला! सगळा! खड्डा, टायफस, रेझी, सगळं. ऑपेरेटाची, गाण्याबजावण्याच्या नाटकांची, फॅशन आली आणि याची नाटकं कुणी घेईना, मग शेअर बाजार कोसळला आणि नाटकघरच बंद पडलं, तेही. वर्तमानपत्रातून हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या लिहिल्या, तेही. आणि ते अर्पणाचं पान, 'जिला हे वाचता येणार नाही तिला'. आणि पुस्तक छापून आल्यावर तो रेझीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि अख्खी कादंबरी तिला मोठ्याने वाचून दाखवली, अकरा रात्री. ते सांगताना मला रडू आलं. पण थांबले नाही, मॅडम. रडत रडत जर्मनच बोलले."

"आणि परीक्षक?"

"बाई व्हिएन्नाची होती. तिने कधी नावही ऐकलं नव्हतं. मला विचारलं, तुम्ही हे कुठे वाचलंत? मी म्हटलं, वाचलं नाही. इथेच एका घरी ऐकलं."

ती उत्तीर्ण झाली. मार्चमध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या एका हॉस्पिटलात रुजू झाली. सिराजचा व्हिसा यायला अजून आठ-दहा महिने होते. विमानतळावर तिने अरुणाला वाकून नमस्कार केला नाही, त्यांच्यात तशी पद्धत नव्हती. तिने अरुणाचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. अरुणानेही तसंच केलं.

सिराज शुक्रवारी एकटा येईल असं अरुणाला वाटलं नव्हतं. पण पुढच्याच शुक्रवारी नऊला बेल वाजली.

"कपाटाचां काय काम नाय ना आज?" त्याने दारातून विचारलं.

"नाही."

"मग त्या कादंबरीचां बघूया. इशरत तिथं एकटी हाय. भाषा यायला पायजे मना पन." तो टेबलाशी येऊन बसला, आणि या वेळी सोफ्याच्या कडेवर नव्हे, सरळ तिच्या समोर. "आनि तुमी त्याचा चरित्र कवा लिवनार? मना वाचायचां हाय. जाड नुको. आयेला फोनवर वाचून दाखवता येईल, एवढां."

दत्तप्रसादांनी चहाचं आधण ठेवलं. अरुणाने नवी वही काढली, वर तारीख घातली, आणि पहिलं वाक्य मनात जुळवून ते लिहायच्या आधी सिराजला बोलून दाखवलं.

"असां बोलतात," सिराज म्हणाला. "लिवा."